शेवटचे दोन आटे

असल्फ्याच्या चढावर, पहाटे पावणेपाचला
चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी आत सोडायची
आणि दांड्याला कान लावायचा.
बत्तीस वर्षं हेच.
पाणी कुठे अडलंय ते लोखंडातून ऐकू येतं,
खात्याचे नकाशे मागाहून निघतात.

म्हणून काझी डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवून
डोळे मिटले तेव्हा वाटलं,
ही बाई आपल्याच लाइनीतली.
"घाडी, आवाज येतोय," त्या म्हणाल्या.
"या झडपेला तीन पाकळ्या असतात,
तुम्ही दोनच घेऊन जन्मलात.
दोघींनी सत्तावन्न वर्षं तिसरीचं काम ओढलं,
आता चुना धरलाय."

चुना मला माहीत आहे.
सहा इंची पाइप कापला की आत
जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट उरलेली,
असे पाहिलेत मी.

मग बदलायची?
"आज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एको.
पण चढताना धाप लागली, छातीत आवळलं,
डोळ्यांपुढे अंधारी आली,
तर सहा महिने मोजायचे नाहीत. निघून यायचं."
पटलं.
कुरकुरतो म्हणून कोणी व्हॉल्व्ह बदलत नाही,
टेकडीवरच्या शेवटच्या घरात
पाणी चढेनासं झालं की बदलतात.

धाप मात्र मी लपवली.
सुनंदाला म्हटलं, चढ वाढलाय.
"डोंगर काय महानगरपालिकेनं उचलला?"
तिनं विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मार्चमधल्या एका पहाटे, चौतिसाव्या आट्याला
शेवटचं घर कोरडं पडलं. म्हणजे माझं डोकं.
शुद्धीवर आलो तर गालाखाली गार डांबर,
चावी तशीच उभी, व्हॉल्व्ह अर्धा उघडा,
आणि वरून कमरुनबी ओरडतेय,
"आज करंगळीएवढीच धार!"
हसू आलं मला.
बाई, इथेही तेच.

परळच्या त्या खोलीत मग निवड करायची होती.
धातूची घेतली तर जन्मभर टिकेल,
पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज,
सुई वरचेवर, आणि पालेभाजीचाही हिशोब.
की गाईच्या हृदयावरच्या आवरणाची?
ती दहा-पंधरा वर्षांनी झिजते.
सुनंदा म्हणाली,
"दूध पचत नाही ह्यांना, झडप पचेल?"
काझीबाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.
मी टाकळ्याच्या भाजीचा विचार केला.
गाईची द्या म्हटलं. बहात्तरला बघू.

हृदय थांबवणार, म्हणाले,
तोवर रक्त मशीनमधून फिरवणार.
म्हणजे बायपास लाइन टाकून शटडाऊन.
आमच्याकडे आदल्या दिवशी पेपरात देतात,
नागरिकांनी पाणी साठवून ठेवावे.
मी काय साठवणार होतो?
लेकीचा हात थोडा जास्त वेळ धरला, एवढंच.

जुनी मला बघायची होती.
आम्ही काढलेला व्हॉल्व्ह स्टोअरला जमा करतो,
रजिस्टरात सही होते.
"तुमची लॅबला गेली," सिस्टर म्हणाली.
सही कुणी मागितली नाही.

छातीला उशी दाबून खोकत
चौथ्या दिवशी मी बदलीच्या पोराला फोन लावला.
निहाल, शेवटचे दोन आटे सावकाश घे,
एकदम सोडलंस तर खालच्या गल्लीतले सांधे उडतील.
"हो काका," तो म्हणाला,
आणि मागून कमरुनबीचा आवाज,
शिव्या होत्या, की पाणी आलं होतं,
नीट कळलं नाही.

आता घरी आहे. जड काही उचलायचं नाही,
चावी दाराआड टेकून उभी.
स्वतःच्या छातीला स्वतःचा कान पोचत नाही,
म्हणून रात्री सुनंदाला म्हटलं, तू ऐक.
तिनं टाक्यांच्या बाजूला, जपून, कान ठेवला.
पूर्वी खरखरायचं, तिला ठाऊक होतं,
कधी बोलली नव्हती.

बराच वेळ गेला.
काय येतंय ऐकू?
"काही नाही," ती म्हणाली. तशीच राहिली.
मग मोरीत नळ खाकरला, आधी हवा, मग धार.
"सरक," म्हणाली, "पाणी आलं."